शिल्पकलेच्या संशोधनाला मदत करायची आहे: पुरस्कार ठेवावा, परिषद भरवावी की आणखी काही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरातल्या एका शिल्पप्रेमी व्यक्तीच्या स्मरणार्थ तुम्ही छोटा न्यास काढला आहे. दरवर्षी ठरावीक रक्कम शिल्पकलेच्या अभ्यासासाठी द्यायची आहे आणि विश्वस्तांमध्ये दोन मतं आहेत. काहींना उत्कृष्ट संशोधकाला वार्षिक पुरस्कार द्यावासा वाटतो, तर काहींना दरवर्षी एक परिषद भरवावीशी वाटते. यातलं जास्त उपयोगी काय, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं काम शिल्पांच्या दस्तऐवजीकरणाचं आहे. बऱ्याच वर्षांपासून अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्या समित्यांवरही बसतो. त्यामुळे अर्ज लिहिणाऱ्याची अडचणही माहीत आहे आणि वाचणाऱ्याचीही. त्या अनुभवावरून माझं मत असं की तुमचे दोन्ही पर्याय काम पूर्ण झाल्यानंतरचे आहेत. ज्याचं संशोधन तडीस गेलं, त्याचा पुरस्काराने सन्मान होतो आणि परिषदेत त्याला श्रोते मिळतात. शिल्पांचा अभ्यास अडतो तो त्याच्या कितीतरी आधी. संग्रहालयाच्या कोठारात पोचण्यापूर्वीच तो अडतो, नाहीतर एक फेरी झाल्यावर पैसे संपतात म्हणून, नाहीतर जुन्या नोंदी कुणीच लावून ठेवलेल्या नसतात म्हणून. म्हणून पुरस्कार की परिषद हे ठरवण्याआधी काम नेमकं कुठे थांबतं ते पाहा. लहान न्यासाचा पैसा तिथे खरा कामी येतो.

काही गोष्टी अर्थातच तुमच्या परिस्थितीवर आहेत. रक्कम दरवर्षी नक्की येणार आहे की दोन-चार वर्षांनी आटण्याची शक्यता आहे? विश्वस्तांपैकी कुणाला अर्ज वाचायला, पत्रव्यवहार करायला वेळ आहे का? आणि त्या व्यक्तीचा स्वतःचा काही संग्रह, छायाचित्रं, वह्या, पत्रं मागे राहिली आहेत का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर माझा सल्ला बराच बदलेल. त्याकडे पुढे येतो.

आधी शिल्पाचा अभ्यास इतका वेळखाऊ का असतो ते सांगायला हवं. चित्राचा अभ्यासक चांगल्या छायाचित्रावरून निदान सुरुवात करू शकतो. शिल्पाचं छायाचित्र म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी आधीच निवडलेली एक बाजू आणि एक प्रकाश. प्रकाशित छायाचित्रं बहुतेक समोरून घेतलेली असतात आणि अभ्यासकाला हवं ते बऱ्याचदा पाठीमागे असतं. पाठ सपाट सोडली असेल तर मूर्ती भिंतीशी किंवा कोनाड्यात उभी असावी. तळाला खुंटीचं भोक असेल तर ती कशावर तरी बसवलेली होती. तुटलेल्या जागेचा रंग बाकीच्या पृष्ठभागासारखाच मळलेला असेल तर ती तूट जुनी. आतला दगड ताजा, उजळ दिसत असेल तर अलीकडची. यातलं काहीही समोरच्या छायाचित्रात येत नाही.

एक प्रसंग जरा जवळून पाहा. कोठारात दगडी मस्तक टेबलावर ठेवलं आहे. वरचे दिवे बंद करायचे आणि एक छोटा दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरायचा. गालावर काहीच दिसत नाही, कारण तो घासून गुळगुळीत केलेला आहे. दिवा हळूहळू कानामागे नेला की जवळजवळ, एकसारख्या बारीक रेषा उमटतात. त्या दातेरी छिन्नीच्या. त्याच्याही मागे, मानेकडे, टोकदार छिन्नीच्या खोल, लांब अंतरावरच्या चऱ्या लागतात. म्हणजे कारागिराने कानाच्या एका रेषेपर्यंत काम पुरं केलं, तिथून पुढे अर्धवट ठेवलं आणि त्याही पुढे नुसता दगड उतरवला. ती रेषा दोन्ही बाजूंना सारख्याच ठिकाणी थांबते का? डाव्या बाजूचं काम जास्त मागेपर्यंत नेलं असेल, तर मस्तक किंचित वळवून ठेवलेलं होतं आणि बघणारा त्या बाजूने यायचा, असा तर्क करता येतो. आता तीच रेषा त्याच गटातल्या इतर मस्तकांवर तपासायची. ती इतर मस्तकं दुसऱ्या संग्रहालयात असतात, आणि अनुदान नेमकं तिथेच संपलेलं असतं.

शिवाय शिल्प जड असतं. ते फडताळावरून खाली काढायला संग्रहालयाची प्रशिक्षित माणसं लागतात, गाडा लागतो, संग्रहाची देखरेख करणाऱ्या अभिरक्षकाला हजर राहावं लागतं. दिवसभरात दोन-तीन वस्तू पाहून झाल्या तरी तो दिवस चांगला गेला म्हणायचा. उंचावरचं शिल्प असेल तर परांची बांधावी लागते, नाहीतर दुरुस्तीसाठी कुणी बांधलेली असेल तेव्हाच धावत पोचावं लागतं. हा सगळा खर्च प्रवासाचा आणि मुक्कामाचा. मोठ्या संस्थांची अनुदानं एका फेरीचा खर्च देतात. पहिल्या फेरीत माणूस मोजमापं घेतो, छायाचित्रं काढतो. खरे प्रश्न त्याला घरी परतल्यावर, टिपणं जुळवताना पडतात. त्या प्रश्नांसाठी दुसरी फेरी लागते आणि तिला पैसे देणारं सहसा कुणी नसतं. ‘दुसऱ्या भेटीसाठी अनुदान’ एवढीच एक योजना तुमच्या न्यासाने चालवली तरी मला फार आनंद होईल. अर्ज तपासणंही सोपं जातं, कारण पहिल्या भेटीची टिपणं समोर असतात. माणूस नीट पाहतो की नाही, हे त्यांतून लगेच कळतं.

प्रयोगशाळेतल्या तपासण्यांबद्दल तुम्हाला लोक सुचवतील. त्या उपयोगी आहेत, पण कशासाठी करायच्या हे आधी ठरलेलं असावं. संगमरवराचा बारीकसा नमुना घेऊन त्यातल्या कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) दगड कोणत्या खाणीचा असू शकेल याचा अंदाज बांधता येतो. ओतीव मूर्तीच्या पोटात उरलेल्या भाजलेल्या मातीवरून ती कधी ओतली याचा अदमास घेता येतो. क्ष-किरणांनी आतला सांगाडा दिसतो. फ्रेंच कलाकार देगाच्या चौदा वर्षांच्या नर्तिकेचं १८८१ मध्ये मांडलेलं मूळ मेणाचं शिल्प वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या क्ष-किरण चित्रांत धातूचा सांगाडा दिसलाच, पण हातांच्या आत चक्क रंगकामाचे ब्रश घातलेले दिसले. हाताशी असेल त्याने आधार देत शिल्पकार कसा काम करत गेला, हे त्यातून कळलं. कितीही वेळ बाहेरून पाहून ते समजलं नसतं. अशा तपासणीला पैसे जरूर द्या; अट एवढीच की अर्जात प्रश्न नेमका लिहिलेला असावा आणि कोणतं उत्तर आलं तर पुढे काय करणार तेही लिहिलेलं असावं.

मात्र तपासणीने सगळं सुटतं असं नाही. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने १९८५ मध्ये विकत घेतलेल्या कुरोस पुतळ्याची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. उभ्या नग्न तरुणाचा हा ग्रीक धाटणीचा संगमरवरी पुतळा. शैलीवर तज्ज्ञांचं एकमत होईना. दगडाच्या पृष्ठभागावरचा बदल व्हायला फार मोठा काळ लागतो, म्हणजे पुतळा जुनाच, असं आधी मानलं गेलं. पुढे तसा बदल कृत्रिमरीत्याही घडवता येतो असं दिसलं. मालकीचा इतिहास सांगणारी कागदपत्रं मात्र बारकाईने तपासल्यावर कोसळली. १९५२ ची तारीख असलेल्या पत्रावर १९७२ पर्यंत अस्तित्वात नसलेला टपाल क्रमांक होता. १९५५ च्या पत्रात ज्या बँक खात्याचा उल्लेख होता, ते १९६३ मध्ये उघडलेलं निघालं. पुतळा खरा की बनावट, याचा निकाल एवढ्याने लागला नाही. संग्रहालयाच्या पाटीवर वर्षानुवर्षं दोन्ही शक्यता लिहिलेल्या होत्या आणि २०१८ मध्ये तो दालनातून काढला गेला. पण कागद खोटे आहेत हे निर्विवाद ठरलं, आणि ते ठरवलं जुनी पत्रं वाचणाऱ्यांनी.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी नोंदी निवडेन: नव्या नोंदी करणं, जुन्या नोंदी लावून ठेवणं आणि त्या लोकांना पाहता येतील अशा ठेवणं. यात नाव होत नाही, समारंभ नसतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येत नाही. पण पुढच्या प्रत्येक अभ्यासकाचं काम यावर उभं राहतं. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५० च्या दशकापासून दक्षिण भारतातल्या मंदिरांची आणि मूर्तींची छायाचित्रं जमवली. ती काढणाऱ्यांच्या मनात कलेच्या इतिहासाचा अभ्यास होता. पुढे तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या मंदिरातून चोरीला गेलेला चोळकालीन नटराज ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ मध्ये विकत घेतला. त्याची ओळख पटवताना मूर्ती मंदिरात असतानाची या संग्रहातली छायाचित्रं पुराव्याला आली, आणि २०१४ मध्ये नटराज भारतात परतला. छायाचित्र काढणाऱ्याला हा उपयोग ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्याने नोंद नीट केली होती, जागेचं नाव लिहिलं होतं, एवढंच.

अशा कामासाठी प्रचंड संस्था लागते असंही नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या रोमनेस्क, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या एका शैलीच्या, शिल्पांची नोंद करणारा प्रकल्प १९८८ मध्ये सुरू झाला. त्याचं क्षेत्रकाम मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांनी केलं: गावोगावच्या चर्चमध्ये जायचं, दाराच्या कमानीवरचं, खांबांच्या शिरांवरचं, बाप्तिस्म्याच्या कुंडावरचं कोरीव काम मोजायचं, वर्णन लिहायचं, छायाचित्रं काढायची, सगळं एकाच ठरलेल्या पद्धतीने. नोंदी खुल्या आहेत, कुणीही वाचू शकतो. इथे पैशाइतकंच ‘ठरलेली पद्धत’ हे महत्त्वाचं. दहा माणसांनी दहा पद्धतींनी केलेल्या नोंदी एकमेकींशी ताडता येत नाहीत. नोंदीचं साधं टिपण कसं असावं, तर वस्तू कुठे आहे, आधी कुठे होती, साहित्य काय, उंची-रुंदी-जाडी, तुटफूट, दुरुस्ती, हत्यारांच्या खुणा, कोरलेला लेख असल्यास त्याची प्रत, चारही बाजूंची छायाचित्रं मोजपट्टीसह, आणि नोंद कुणी, कधी केली ते. शेवटचं लोक हमखास विसरतात.

त्रिमितीय स्कॅनिंगचा आग्रह धरणारा एखादा विश्वस्त तुमच्याकडेही असेल. मला ते तंत्र आवडतं. स्टॅनफर्डच्या गटाने १९९८-९९ मध्ये मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा सुमारे पाव मिलिमीटरच्या बारकाईने मोजला, तेव्हा कोणत्या बाजूने किती प्रकाश पाडावा इथपासून अनेक प्रश्न संगणकावर तपासता येऊ लागले. आज साध्या कॅमेऱ्याच्या छायाचित्रांवरूनही चांगली प्रतिमा तयार होते. पण प्रत्येक स्कॅन ही पुढची अनेक वर्षं सांभाळायची जबाबदारी आहे. फायली कुठे राहणार, कोणत्या स्वरूपात, मूळ छायाचित्रंही ठेवणार का, आणि पाहायला परवानगी कुणाला, याची उत्तरं अर्जात नसतील तर मी पैसे देणार नाही. सांभाळायला कुणी नसलेली प्रतिमा काही वर्षांत उघडतही नाही.

आता तुमच्या घरच्या संग्रहाबद्दल. ती व्यक्ती स्वतः शिल्पकार असेल, किंवा शिल्पकारांशी तिचा पत्रव्यवहार असेल, तर पहिल्या वर्षी कुणालाही अनुदान देऊ नका. आधी ते कागद लावा. प्लास्टरचे नमुने, साचे, ओतशाळेची बिलं, कच्ची रेखाटनं, कामाच्या जागेची छायाचित्रं यांना बाजारात फारशी किंमत नसते म्हणून घरं आवरताना तीच आधी टाकून दिली जातात. शिल्पाच्या अभ्यासात मात्र ती सोन्यासारखी आहेत. ओतीव कामाच्या किती प्रती निघाल्या, कोणती शिल्पकाराच्या हयातीत ओतली, कोणती मागाहून, हे बिलांवरूनच कळतं. फ्रेंच शिल्पकार रोदँने १९१६ मध्ये आपली शिल्पं, संग्रह आणि हक्क फ्रेंच सरकारला दिले आणि १९१९ मध्ये त्याचं संग्रहालय उघडलं. साचे आणि कागद एकत्र राहिल्यामुळेच त्याच्या प्रतींचा इतिहास आज इतका नीट सांगता येतो. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरनेही हयातीतच, १९७७ मध्ये, आपलं प्रतिष्ठान स्थापन केलं. इंग्लंडमधल्या लीड्सची हेन्री मूर इन्स्टिट्यूट फक्त मूरपुरती थांबली नाही; इतर शिल्पकारांची कागदपत्रं, ग्रंथालय आणि संशोधकांना राहून काम करण्यासाठी अभ्यासवृत्ती, असं सगळं तिथे आहे. तुम्ही एवढं मोठं काही करावं असं मी म्हणत नाही. पण कागद असतील तर ते ज्या अभिलेखागारात अशी कागदपत्रं आधीच आहेत तिथे द्या आणि त्यांची यादी करणाऱ्या माणसाचा पगार द्या. नुसती खोकी देऊ नका. यादी न झालेली खोकी वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात.

अनुदान द्यायचंच ठरलं तर व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. अर्ज दोन पानांपेक्षा मोठा मागू नका. पैसे आगाऊ द्या. आधी खर्च करा, मग पावत्या दाखवा, ही पद्धत ज्यांना मदतीची खरी गरज आहे त्यांनाच बाहेर ठेवते. विद्यापीठात नोकरी असलीच पाहिजे ही अट घालू नका, कारण शिल्पांवर उत्तम काम करणारे कितीतरी जण दुरुस्तीतज्ज्ञ, छायाचित्रकार, शाळेतले शिक्षक किंवा स्वतः शिल्पकार असतात. छायाचित्रं छापण्याच्या हक्काचा खर्च मंजूर करा. तयार पुस्तक केवळ या खर्चापायी रखडलेलं मी पाहिलं आहे. आणि काहीच सापडलं नाही, असा अहवाल आला तरी तो आदराने स्वीकारा आणि जपून ठेवा. अमुक कोठारात अमुक गटाची मस्तकं नाहीत, हे कळल्याने पुढच्या माणसाची एक फेरी वाचते.

एका बाबतीत मात्र कडक राहा. निवड समितीवर विक्रेता किंवा ज्याची स्वतःची शिल्पं विक्रीला आहेत असा संग्राहक नको. माणूस कितीही जाणकार आणि सज्जन असो, त्याच्याकडच्या वस्तूबद्दल अनुकूल लेख आला की तिची किंमत वाढते, आणि तुमच्या न्यासाचं नाव त्या व्यवहाराशी जोडलं जातं. तसंच, मालकीचा इतिहास स्पष्ट नसलेल्या वस्तूंवरच्या कामाला मदत करायची की नाही, याचं धोरण पहिला अर्ज येण्याआधी लिहून ठेवा. मी स्वतः अशा कामाला पैसे देण्याच्या विरोधात आहे. काही चांगल्या अभ्यासकांचं मत वेगळं आहे: वस्तू चोरीची असली तरी तिची नोंद व्हायला हवी, नाहीतर ती ओळखायची कशी, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. म्हणून मी नोंदीला हरकत घेत नाही, पण कौतुकाच्या निबंधाला आणि प्रदर्शनाच्या पुस्तिकेला घेतो.

विश्वस्तांना परिषद हवीच असेल तर ती लहान ठेवा आणि शिल्पांसमोर भरवा. दहा-बारा जणांनी एकाच मूर्तीभोवती उभं राहून दिवसभर वाद घालावा: एकाने दगडावर बोलावं, एकाने हत्यारांवर, एकाने लेखावर, एकाने दुरुस्तीवर. सभागृहातल्या पडद्यावर वीस निबंध ऐकण्यापेक्षा त्यातून जास्त निष्पन्न होतं. पुरस्कार हवाच असेल तर तो सूची करणाऱ्याला, अभिलेखपालाला किंवा छायाचित्रकाराला द्या. ग्रंथ लिहिणाऱ्यांना मान मिळण्याच्या इतर जागा आहेत; यांना जवळजवळ नाहीत.

पहिल्या वर्षासाठी मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं: दुसऱ्या भेटीची दोन-तीन छोटी अनुदानं आणि उरलेली सगळी रक्कम एखाद्या संग्रहातल्या जुन्या छायाचित्रांची यादी करण्यासाठी. दोन्हीचा अनुभव घेतल्यावर तुमच्या लोकांना कशाची आवड आहे, कशाला वेळ देता येतो हे कळेल. घरात कागदपत्रं किंवा साचे आहेत का ते आधी कळवा. साचे असतील तर ते सध्या कुठे ठेवले आहेत, जागा दमट आहे का, आणि त्यांच्यावर काही क्रमांक किंवा खुणा आहेत का, तेही लिहा. खुणा असतील तर त्या पुसू नका आणि साचे धुऊ नका. जसे आहेत तसे छायाचित्र काढून ठेवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.